वाचकांचे प्रश्न: पुण्यात शिकणाऱ्या मुलांसाठी सेकंडहँड गाडी

कॉलेजं सुरू व्हायच्या सुमाराला आमच्याकडे येणारे गाड्यांचे प्रश्न बहुतेक एकाच घरातून आल्यासारखे असतात. मुलगा किंवा मुलगी पुण्याला शिकायला चालली आहे, नवीन गाडी परवडत नाही, जुनी घ्यायची तर कोणती आणि कशी? या वेळी त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत. खर्चाचे आकडे पुण्यातल्या बाजाराचा अंदाज म्हणून वाचावेत, गॅरेजनुसार ते थोडे खालीवर होतील.

मुलाला आकुर्डीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. राहायला वारज्याला आत्याकडे. बजेट साडेतीन लाख. वॅगन आर, ग्रँड आय१०, टियागो की स्विफ्ट?
— एक पालक, इस्लामपूर

साडेतीन लाखांची गाडी बघू नका, तीन लाखांची बघा. उरलेल्या पन्नास हजारांत इन्शुरन्स, नावावर करून घेण्याचा खर्च आणि पहिल्याच महिन्यात निघणारी कामं बसवायची आहेत. आठ वर्षांच्या छोट्या गाडीला चार टायर म्हणजे पंधरा ते अठरा हजार, बॅटरी साडेचार-पाच हजार आणि क्लच सेट मजुरीसकट सात-नऊ हजार. यातलं एखादं काम तरी निघणारच. सगळे पैसे गाडीत घालून बसलेला माणूस गुळगुळीत टायरवर पावसाळा काढतो, आणि तुमचा मुलगा तर रोज बायपासवरून जाणार आहे.

तीन लाखांत २०१६ ते २०१८ च्या वॅगन आर, सेलेरियो, ग्रँड आय१० किंवा टियागो बघायला मिळतील. स्विफ्टला मागणी जास्त, त्यामुळे त्याच पैशात ती दोन-तीन वर्षं जुनी आणि जास्त पळालेली मिळते. शिवाय तिचा आधीचा मालकही हौशी असण्याची शक्यता मोठी. वॅगन आर आणि सेलेरियोतलं ९९८ सीसीचं इंजिन साधं आहे. टायमिंगला चेन असल्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही, आणि पार्ट कात्रजपासून निगडीपर्यंत कुठल्याही दुकानात मिळतात. ग्रँड आय१० चं १.२ पेट्रोलही चेनवरच चालतं, आणि बायपासला ती वॅगन आरपेक्षा रस्ता धरून राहते. वॅगन आर उंच आहे, चांदणी चौकातल्या वाऱ्यात ते जाणवतं.

टियागोच्या बांध्याबद्दल लोक बोलतात त्यात तथ्य आहे. जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले, तर २०१९ मध्ये वॅगन आरला दोन. मात्र तिचं तीन सिलिंडरचं इंजिन जागेवर थोडं थरथरतं, त्याला बिघाड समजू नका. थरथर अंगावर येण्याइतकी असेल तर इंजिन माउंट बघायला सांगा.

मॉडेलपेक्षा महत्त्वाची गोष्ट एअरबॅगची. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या बेसिक मॉडेलांत ती बहुतेक नसायचीच. म्हणून जुनी गाडी घेताना वरचं मॉडेल घ्या, एक वर्ष जुनं झालं तरी चालेल. स्टिअरिंगच्या मध्यावर एअरबॅगची खूण आहे का पाहा. मग किल्ली ऑन करा. एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर जास्त संशय घ्या, कारण अपघातात एअरबॅग फुटून गेल्यावर नवी न बसवता नुसती दिव्याची वायर काढून टाकलेल्या गाड्या बाजारात फिरतात.

रोज चाळीस किलोमीटर धरले तर महिन्याला आठ-नऊशे होतात. शहरात १४-१५ चा ॲव्हरेज धरला तरी साठ लिटर पेट्रोल, म्हणजे सहा हजारांच्या वर. हा आकडा घरात आधी बोलून घ्या, कारण गाडी घेऊन ती पार्किंगमध्ये उभी ठेवलेली मुलं पुण्यात कमी नाहीत.

आणखी एक. शेवरोले (विक्री २०१७ अखेर बंद), फोर्ड (२०२१ मध्ये उत्पादन थांबवलं) आणि डॅटसन (२०२२) या गाड्या फार स्वस्त मिळतात. फोर्डची फिगो चालवायला खरोखर छान. पण हेडलाइट, बंपर किंवा एखादा सेन्सर गेला की पार्टसाठी आठवडे थांबायची तयारी हवी. घरचा मेकॅनिक असेल तर घ्या, विद्यार्थ्याला देऊ नका.

मेकॅनिकला सोबत नेणं शक्य नाही. आम्ही स्वतः काय काय तपासू शकतो?
— एक वाचक, बार्शी

पहिली चक्कर तुम्ही मारा, आवडलीच तर दुसऱ्या वेळी पाचशे-हजार रुपये देऊन मेकॅनिक न्या. तेवढे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. पण पहिल्या चकरीतच निम्म्या गाड्या बाद करता येतात.

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चालू करून ठेवली आहे, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज किंवा धूर लपवायचा आहे. संध्याकाळी पुन्हा येतो म्हणून परत फिरा.

इंजिन थंड असतानाच कूलंटची बाटली पाहा. आत हिरवं किंवा लाल पाणी स्वच्छ हवं. गंजाचं तांबूस पाणी म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं आहे. तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. मग ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवा. दुधाळ, कॉफीसारखा थर लागला तर ऑइलमध्ये पाणी मिसळतं आहे. फक्त पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत झाकणाला थोडा पांढरा थर वाफेनेही येतो, तेव्हा डिपस्टिक ओढून बघा. काठीवरचं ऑइलही दुधाळ असेल तर पुढे बोलूच नका.

आता चालू करा. ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. कुणाला तरी मागे उभं करून ॲक्सिलरेटर दाबा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतं आहे. दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतं आहे. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा, आणि तो बहुधा सेन्सर किंवा प्लगपुरता असतो. ऑइलचं झाकण अलगद उघडून भोकावर हात धरा. थोडी फुंकर चालेल, पण भकाभका वाफ येत असेल तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत. त्या दुरुस्तीत तुमच्या बजेटचा पाचवा हिस्सा जाईल.

क्लच तपासायची जुनी रीत अजून चालते. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धडपडून बंद पडलं तर क्लच धरतो आहे. चालूच राहिलं आणि गाडी हलली नाही तर क्लच प्लेट संपली. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा करून चांगला क्लच जाळू नका.

मग चालवून पाहा. रिकाम्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू फिरा. कट-कट-कट आवाज आला तर एक्सेलचा जॉईंट गेला आहे. स्पीडब्रेकरवर धप्प आवाज म्हणजे शॉकअप किंवा त्याचं माउंट, खडखड म्हणजे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. पुण्याच्या रस्त्यांवर हे सगळं झिजणारच, त्यासाठी गाडी नाकारू नका, किमतीतून पैसे वळते करा. साठच्या वेगाने जाताना मागे कुणी नाही हे पाहून ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर अडकला असेल. एसी लावून दहा मिनिटं गाडी उभी ठेवा. हवा कोमट झाली तर गॅस कमी आहे, कूलिंग फॅन चालत नाही किंवा कॉम्प्रेसर संपत आला आहे. पहिली दोन कामं किरकोळ, तिसरं बारा-पंधरा हजारांपासून पुढे.

अपघात ओळखायला डोळेच पुरतात. दारं, बॉनेट आणि डिकीच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पाहा. कंपनीतून आलेल्या बोल्टवरचा रंग सलग असतो, पाना लागला की कोपऱ्यांवरून उडतो. बॉनेटचे बोल्ट उघडलेले असले तर फार बिघडत नाही. बॉनेटखालचा ॲप्रन (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा) आणि दारांमधले पिलर मात्र तपासाच. दाराचं रबर ओढून काढा. आतल्या पत्र्यावर कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर दिसतात. ते ठिपके गायब असतील, किंवा वर ओबडधोबड सीलंट लावलं असेल, तर गाडी मोठ्या अपघातातून उठली आहे. लांबी (पुटी) भरलेल्या ठिकाणी फ्रीजवरचं चुंबक नीट चिकटत नाही, एक खिशात ठेवा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि वर्षाचा अंक असतो. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली, हे विचारायचं.

मीटर मागे फिरवणं तर सर्रास चालतं. चाळीस हजार दाखवणाऱ्या गाडीत क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची कड दबलेली आणि सीटबेल्टचा पट्टा कडेला विसविशीत असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे ‘२३१८’ हा टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. जेमतेम तीस हजार पळाल्याचं सांगणाऱ्या २०१८ च्या गाडीला २०२१ आणि २०२४ असे दोन पिढ्यांचे टायर दिसले, तर आकडा जुळत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरची हिस्टरी. मालकाला सोबत घेऊन जा, तिथे प्रत्येक सर्व्हिसच्या तारखेसमोर किलोमीटर नोंदलेले असतात. मालक टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा.

मीटरवर फक्त पस्तीस हजार आहेत म्हणून २०१४ ची अल्टो ८०० घ्यावीशी वाटते. कमी पळालेली गाडी चांगलीच ना?
— एक विद्यार्थिनी, परभणी

कमी पळाली म्हणजे जास्त उभी राहिली. उभ्या गाडीची रबरं कडक होतात, ब्रेक फ्लुइड ओलावा ओढतं, टाकीत गंज धरतो, आणि उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असतं ते वेगळंच. अल्टो ८०० च्या ७९६ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. किलोमीटर झाले नसले तरी रबर वयाने कमकुवत होतं, त्यामुळे दहा वर्षांचा मूळ बेल्ट ताबडतोब बदलायचा. टेन्शनरसकट चार-सहा हजार धरा. तुटला तर गाडी जागेवर बंद. जुन्या आय१० च्या १.१ इंजिनालाही बेल्टच आहे, बघायला जाल तेव्हा बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा.

तुमच्यापुढे २०१४ ची पस्तीस हजार झालेली आणि २०१७ ची सत्तर हजार झालेली, सर्व्हिस हिस्टरी असलेली, अशा दोन गाड्या असतील तर दुसरी घ्या.

कोल्हापूरकडची एक ग्रँड आय१० फार स्वस्तात मिळते आहे. पुरातली असेल का? कसं ओळखायचं?
— एक पालक, मिरज

कोल्हापूर-सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पूर आला, पण संशय फक्त तिकडच्या पासिंगवर घेऊ नका. पुण्यातही २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने गाड्या वाहून नेल्या, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंग पाण्याखाली गेलं. एमएच-१२ पासिंगची गाडीही बुडालेली असू शकते.

ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभरापर्यंत. धुवायला तिथे कुणाचा हात पोचत नाही, त्यामुळे चिखलाची रेघ तिथेच उरते. मग सीटखाली टॉर्च मारा. सीटच्या रुळांना आणि बोल्टना गंज, कार्पेटखालच्या फोममध्ये गाळ, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर निघून या. काचा बंद करून दहा मिनिटं बसा, कुबट वास येतोच. एअर फ्रेशनरचा घमघमाट असेल तर तो मुद्दाम मारला आहे का, हा विचार मनात येऊ द्या.

बुडालेली गाडी पहिलं वर्षभर बरी चालते. मग वायरिंगच्या जोडांत हिरवा गंज चढतो आणि पॉवर विंडो, एबीएस, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) असं एकेक बिघडू लागतं, तेही रोज वेगळं. कुठलाही इलेक्ट्रिशियन याला कंटाळतो.

इन्शुरन्सच्या कागदातूनही धागा सापडतो. पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती आहे ते पाहा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो. तोच मालक, पॉलिसी कधी खंडित नाही, आणि तरी बोनस शून्य किंवा २० टक्के, याचा अर्थ गेल्या वर्ष-दोन वर्षांत क्लेम झाला आहे. कशाचा, हे मालकाने बिलासकट सांगावं.

मुलीला गिअरची गाडी चालवायची नाही. जुनी एएमटी घ्यावी का?
— एक आई, अहिल्यानगर

घ्या, पण एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो, फक्त पाय आणि हाताचं काम ॲक्च्युएटर करतो, हे लक्षात ठेवून. क्लच इथेही झिजतो, आणि ड्रायव्हरला ते कळत नाही म्हणून जास्त झिजतो. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय असेल तर प्लेट लवकर जळते. चढावर थांबताना ब्रेकच वापरायचा, हे मुलीला पहिल्या दिवशी सांगा.

तपासताना सपाट रस्त्यावर ‘डी’मध्ये टाकून ब्रेक सोडा, गाडी धक्का न देता सरकायला हवी. ‘आर’ आणि ‘डी’ अदलाबदल करा. दोन-तीन सेकंद विचार करत बसली, किंवा पॅनेलवर गिअरचा अंक लुकलुकायला लागला, तर ॲक्च्युएटर किंवा क्लच तपासल्याशिवाय व्यवहार नको. मग एखादा चढ चढवा. थरथरत चढत असेल तर क्लचचा खर्च डोळ्यांसमोर आणा. एएमटीत क्लच बसवल्यावर स्कॅनर लावून गाडीला नव्याने शिकवावं लागतं, ते नाक्यावरच्या प्रत्येक गॅरेजला जमत नाही.

ग्रँड आय१० च्या १.२ पेट्रोलमध्ये चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लच प्लेटऐवजी तेलावर चालणारा) ऑटोमॅटिक मिळायचा, होंडा ब्रिओतही टॉर्क कन्व्हर्टरच होता. पेट्रोल जास्त पितात, पण ट्रॅफिकमध्ये चालतात लोण्यासारख्या. रोजचं अंतर कमी असेल तर आमची पसंती यांना. गिअरऑइल लाल-पारदर्शक हवं. काळं आणि जळकट वासाचं असेल तर नको.

गाडीवर कर्ज होतं, ते फिटलं आहे असं मालक म्हणतो. तो आत्ता सह्या करून देतो, ‘नावावर नंतर करून घ्या’ म्हणतो. चालेल का?
— एक वाचक, लातूर

नाही. सगळे पैसे देण्याआधी एचपी उतरलेली असली पाहिजे, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा निघालेला हवा. कर्ज फिटणं वेगळं आणि आरटीओत बोजा उतरणं वेगळं. त्यासाठी बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. परिवहनच्या पोर्टलवर किंवा ॲपवर गाडीचा नंबर टाकलात की मालक कितवा, बोजा आहे का, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, हे सगळं दिसतं. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर दंड बघा. पुण्या-मुंबईच्या गाड्यांवर हजारोंची चलनं साठलेली असतात, ती विकणाऱ्याने भरायची.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या, मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणं-घेणं दोघांच्याही अंगलट येतं. कायद्याने राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर १४ दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं. नोंदणी ज्याच्या नावावर तोच भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या मालकाला हे माहीत असतं तर तोच घाई करत असता.

इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करायचा. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर आपोआप येतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. या मधल्या काळात ठोकर झाली तर कंपनी क्लेम नाकारते. मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा त्याच्याकडे राहतो, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतील. उलट, तुम्ही स्वतःची जुनी गाडी विकली असेल तर तिचा बोनस पत्र घेऊन तीन वर्षांपर्यंत या गाडीला लावता येतो. गाडी कुणाच्या नावावर घ्यायची याचाही विचार करा. १५ लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण मालक-चालकाला असतं. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार मुलगा, तर मुलाला ते लागू नाही, त्याच्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागेल.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांबद्दलही विचारणा असते. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यापासून त्या इकडे वाहतात. फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर, एवढं धरून किंमत काढा. स्वस्ताई बरीचशी उडून जाते, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला आरटीओच्या फेऱ्या येतात.

जाता जाता: १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का आणि दुसरी किल्ली आहे का, हे टोकन देण्याआधी विचारा.

कंपनीची सीएनजी की बाहेरून बसवलेली? आणि विद्यार्थ्याला सीएनजी परवडते का?
— एक वाचक, नाशिक

महिन्याला आठशेच्या पुढे पळणार असेल तर परवडते. किलोमीटरमागचा इंधनखर्च पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास येतो. त्याची किंमत म्हणजे डिकी, कारण साठ लिटरची टाकी ती खाऊन टाकते. त्या साठ लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात सात-आठ किलो गॅस बसतो. सुटीला गावी जाताना बॅगा मागच्या सीटवर.

कंपनीचीच घ्या. बाहेरून बसवलेली असेल तर आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद हवीच, नाहीतर क्लेमच्या वेळी इन्शुरन्स कंपनी हात वर करते. टाकीची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करायची असते, तिची तारीख टाकीच्या पट्टीवर आणि प्रमाणपत्रावर जुळते का पाहा. गाडी आधी पेट्रोलवर चालवा. कित्येक मालक वर्षभर पेट्रोल घालतच नाहीत. टाकीत तळाला घोटभर पेट्रोल ठेवून फिरलं की आतला पंप कोरडा पडून जळतो. निदान पाव टाकी कायम ठेवा आणि आठवड्यातून दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर काढा.

टॅक्सीची गाडी पांढरी प्लेट लावून विकायला काढलेली असते, तीही सीएनजीतच जास्त. आरसीची मागची नोंद आणि डॅशबोर्डवरची स्क्रूची भोकं यांतून ते कळतं.

डिझेल स्विफ्ट मायलेजला भारी पडते ना?
— एक विद्यार्थी, जालना

हायवेला. शहरात रोज पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याने डिझेल घेऊ नये. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळायचा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. सिग्नल ते सिग्नल चालवली की काजळी साठते, दिवा लागतो आणि शेवटी गाडी जोर सोडते. त्याआधीच्या डिझेलला हा फिल्टर नाही, पण टर्बो, इंजेक्टर आणि क्लचपैकी काहीही निघालं तरी वाचवलेलं मायलेज एका बिलात जातं.

ई-२० पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?
— एक वाचक, चिपळूण

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग वीस टक्के इथेनॉल धरून केलेले आहेत. त्याआधीच्या गाडीत ॲव्हरेज थोडा घटतो आणि जुन्या रबरी पाइपांना त्रास होऊ शकतो. इंधनाचे पाइप बोटांनी दाबून पाहा. कडक, चिरा पडलेले किंवा भोवती पेट्रोलचा वास असेल तर बदलून घ्या, खर्च फार नाही. टाकी महिनोन्महिने भरून उभी ठेवू नका, इथेनॉल ओलावा ओढतं.

भाव किती पाडून मागायचा? डीलर बरा की थेट मालक?
— एक पालक, सोलापूर

थेट मालक स्वस्त, डीलर सोयीचा. डीलरची ‘वॉरंटी’ वाचून घ्या. बहुतेक वेळा ती इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती असते, क्लच, सस्पेन्शन आणि एसी त्यात नसतात.

भाव पाडायला तक्रारींची यादी न्या, नुसतं ‘कमी करा’ म्हणू नका. टायर पंधरा हजार, लोअर आर्म चार हजार, चलनं अडीच हजार असे आकडे मांडले की मालकाला उत्तर देणं अवघड जातं. दुसरा मुद्दा नव्या गाड्यांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दोन-तीन वर्षांची गाडी घेत असाल तर आधी त्याच मॉडेलची आजची ऑन-रोड किंमत शोरूममधून आणा. मालकाने घेतलेल्या जुन्या किमतीवरून केलेला हिशोब आता लागू नाही.

गाडी घेतली. आता आधी काय करू?
— एक विद्यार्थी, वारजे

आधीच्या मालकाने परवाच सर्व्हिसिंग केलं असं सांगितलं तरी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. छोट्या गाडीत साधारण तीन लिटर ऑइल लागतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, पंपावरचा पोऱ्या सांगेल तो नको. त्याच फेरीत एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर आणि कूलंट बदला. ब्रेक फ्लुइडही बदला, कारण त्याकडे कुणी बघत नाही आणि जुनं झालं की घाटातल्या सलग ब्रेकिंगला ते उकळतं, पेडल तळाला जातं. खंबाटकी उतरताना हे कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेलं बरं.

चाकं उघडायला लावून ब्रेक पॅड बघा, तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर बदला. टायरच्या खाचेत आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्या पट्टीला टेकलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर तीन मिलिमीटरलाच बदला. बॅटरीवर मीटर लावून घ्या: गाडी बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५. चालूतला आकडा कमी भरला तर नवी बॅटरी घेऊ नका, आधी अल्टरनेटर तपासा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना डिकीत आहे का, हेही आजच पाहून घ्या, आणि एकदा दिवसाउजेडी स्वतःच्या हाताने चाक बदलून बघा. कंपनीत मशिनने आवळलेले नट पहिल्यांदा सुटायला बराच जोर लागतो.